रविवारपर्यंतचं

भागुबाई : काकू नको म्हणू.

अंजली : बरं. मग काय म्हणू?

भागुबाई : मावशी म्हण. भागुबाई म्हण. काहीच नाय म्हणलीस तरी ऐकू येतं मला, कान शाबूत हायेत. पण काकू नको.

अंजली : मावशी, मी ज्ञानेशबरोबर क्लासमध्ये शिकवायचे. कॉलेज रोडला. आमची टेबलं समोरासमोर होती. त्याचा कॉम्प्युटर बघायला कुणीतरी या, असा तुमचा निरोप मिळाला क्लासमध्ये. तेराव्याला आले होते मी इथे, पण तेव्हा एवढी माणसं होती की...

भागुबाई : वळखलं मी तुला. पांढरा ड्रेस, दाराजवळ उभी. न जेवता गेलीस. माझ्या घरातनं कोण उपाशी गेलं, ते मी इसरत नाय.

अंजली : घास उतरला नसता.

भागुबाई : लग्न झालंय?

अंजली : नाही.

भागुबाई : हं. बस त्या खुर्चीवर. त्याचीच हाय. दोनला लाईट जाती, सहाशिवाय येत नाय. आता वाजले किती?

अंजली : साडेअकरा.

भागुबाई : मंग बोलू नको, कामाला लाग. काढ ते फडकं. वर्सभर कुणाला हात लावू दिला नाय मी याला. रोज पुसते. दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं.

अंजली : ते दिसतंय. बटणांच्या मध्ये गेलंय.

भागुबाई : मंग कुठं वाहणार? देवाला बी पायावरच वाहतात.

अंजली : चालू होतोय. बरं झालं तुम्ही जपून ठेवलात. हा बघा त्याचा विकी... थांबा.

भागुबाई : काय झालं?

अंजली : "डेटाबेस सर्व्हरशी संपर्क होत नाही" म्हणतोय.

भागुबाई : कोण म्हणतोय?

अंजली : विकी. ते त्याचं पुस्तक हो. मळ्याचं पुस्तक म्हणायचा ना तो? क्लासमध्ये सगळ्यांना सांगायचा, हे असं पुस्तक आहे की कुणीही पान उघडावं, भर घालावी, चुकलं तर सुधारावं. आणि सुधारलं तरी आधी काय होतं ते विसरत नाही.

भागुबाई : मला काय सांगती? त्यात सगळं माझंच हाय. शेवंतीची रोपं कधी लावायची, गुलछडीचे कांदे कुणाकडनं आणले, कोणत्या साली झेंडू गणेशवाडीच्या बाजारात फेकून आलो. रोज संध्याकाळी मी इथं मेथी निसत बसायची आन् तो टकाटका करायचा. तोंड दुसरी शिकलेल्या बाईचं, हात एमेस्सी झालेल्याचे.

अंजली : मग आपण सगळं काढू. छापून देते मी तुम्हाला, जाड पुस्तक होईल.

भागुबाई : सगळं नको. ते माझ्या डोक्यात हाय. मला गुरवारचं पायजे.

अंजली : कुठल्या गुरुवारचं?

भागुबाई : कुठल्या म्हणजे? माझ्याकडं एकच गुरवार हाय. गाडी काढायच्या आधी अर्धा तास तो बसला व्हता इथं, याच खुर्चीवर. माझ्याकडं पाठ. काहीतरी लिवलं, उठला, चप्पल घातली, किक मारली. पुढं ओझरच्या वळणावर काय झालं ते तुला ठावकं हाय. त्यानं काय लिवलं तेवढं मला वाचून दाखव. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध हाय. त्याच्या आत मला कळलं पायजे.

अंजली : त्या दिवशी काही बोलणं झालं होतं का तुमचं?

भागुबाई : तू पान काढ.

अंजली : काढते. सेटिंगची फाइल बघते आधी. सर्व्हरचा पत्ता, डेटाबेसचं नाव, पासवर्ड... पासवर्ड पण इथेच लिहून ठेवलाय. पण हा पत्ता... मावशी, घरात दुसरा कॉम्प्युटर होता का?

भागुबाई : एक घेतला तर नातेवाइकांच्या पोटात दुखलं. दुसरा कुठला?

अंजली : स्क्रीन नसलेला. नुसता डबा. ही बघा, ही वायर भिंतीतून पलीकडच्या खोलीत गेलीय.

भागुबाई : खाटंखाली व्हता एक. रातदिस घूं घूं करायचा. मी म्हणायची, हा कुठला भुंगा पाळलाय.

अंजली : तोच! तोच डेटाबेस सर्व्हर. कुठे आहे तो?

भागुबाई : दिला.

अंजली : दिला?

भागुबाई : तेराव्याला. आमच्यात गेलेल्या माणसाच्या वापरातलं घरच्या भाच्याला देतात. भाच्याच्या हातात पडलं म्हंजे त्याला तिकडं पोचलं. गादी दिली, छत्री दिली, चपला, घड्याळ, तांब्या-पेला. आन् तो डबा त्याच्या खाटंखालचा. सहा वर्सं त्या आवाजावर झोपलेला तो. म्हणलं, त्याशिवाय झोप नाय यायची त्याला. म्हणून तोबी दिला. हा ठेवला, कारण अक्षरं याच्यात दिसायची.

अंजली : अक्षरं याच्यात दिसायची, मावशी, पण असायची त्या डब्यात.

भागुबाई : नीट सांग.

अंजली : म्हणजे... तुमचं फुलांचं दुकान असतं ना बाजारात, तिथे हार लटकलेले दिसतात. पण फूल दुकानात उगवत नाही. हा विकी म्हणजे दुकान. कुणी पान मागितलं की हा मागे निरोप धाडतो, तिकडून फुलं येतात, हा हार करून समोर धरतो. आता हा निरोप धाडतोय, पण...

भागुबाई : पण मळाच जाग्यावर नाय.

अंजली : हो.

भागुबाई : मी दिला.

अंजली : तुम्हाला कसं कळणार होतं?

भागुबाई : मला समजावू नको. फोन लाव. तुझ्यात ते मोठ्यानं ऐकायचं बटण हाय का? लाव मंग. निफाडला, माझ्या नणंदेला. हा भाचा म्हंजे तिचाच मंगळू.

लताबाई : हालो? कोण?

भागुबाई : मी भागू.

लताबाई : अगंबाई, वहिनी! सूर्य कुठनं उगवला? मी कालच ह्यांना म्हणलं, श्राद्धाचं बोलवणं आलं नाय अजून, वहिनीच्या मनात काय...

भागुबाई : बोलवणं येईल. लता, मंगळूला तेराव्याला डबा दिला व्हता.

लताबाई : कॉम्पूटर? चांगला चालतोय की! दुकान टाकलंय त्याच्यावर त्यानं, लग्नपत्रिका छापायचं. लय चांगल्या पायगुणाचा निघाला बघा. ज्ञानूचाच आशीर्वाद म्हणायचा.

भागुबाई : त्याच्यात ज्ञानूचं लिवलेलं व्हतं. हाय का ते?

लताबाई : लिवलेलं? ते नाय बाई. आणला तेव्हा चालतच नव्हता, नुसता काळा पडदा आन् इंग्रजी. मंग माणूस बोलवला. त्यानं धुऊन काढला पार, आन् नवीन भरलं सगळं.

भागुबाई : धुऊन.

लताबाई : तुमीच म्हणला व्हता ना वहिनी, दिलेल्याकडं वळून बघायचं नाय म्हणून? काय व्हतं त्यात? म्हत्त्वाचं व्हतं का? आन् वहिनी, माझ्यावरचा राग गेला ना? पोराला मी अक्काचं बोलायला नको व्हतं, पर तो इचारायलाच बसला, आत्या सांग, आत्या सांग. मला काय ठावकं, तो तुम्हाला जाऊन...

भागुबाई : लता. मंगळूला म्हणावं, पत्रिका चांगल्या छाप. लोकांची लग्नं असतात. ठेवते.

अंजली : मावशी, पाणी आणू?

भागुबाई : माझ्या घरात मला पाणी देती? बस खाली. आता काय करायचं ते सांग. रडायचं असलं तर नंतर रड.

अंजली : मी विचार करतेय. ज्ञानेश फार व्यवस्थित होता. तो कॉपी काढल्याशिवाय राहायचा नाही. सीडी होत्या का त्याच्या? चकचकीत, गोल...

भागुबाई : दर रविवारी एक काढायचा. त्या त्या पेरूवर.

अंजली : कुठे?

भागुबाई : खिडकीतनं बघ. पोपट लय करतात पेरूचं वाटोळं. उजेडात त्या चमकल्या की फिरकत नाय एकबी. निफाडला द्राक्षबागांत लावतात तशा लावल्या. दोऱ्यात ओवून.

अंजली : वर्षभर उन्हात.

भागुबाई : आन् पावसात. बोल की, गप का झालीस? बोल, म्हातारीनं पोराचं अक्षर पोपटांना घातलं. खोटं कुठंय त्यात?

अंजली : नाही, मी ते बघत नाहीये. मावशी, ह्या सीडीच्या ट्रेमध्ये काहीतरी आहे. बटण दाबलं तर उघडतोय... आहे! आतमध्ये राहिलीय एक. त्याच्या अक्षरात तारीख आहे.

भागुबाई : जीव हाय का तिच्यात?

अंजली : बघू. वाचतोय. फाइल आहे, पूर्ण आहे. आता असं करते, तो दुसरा डबा नको. डेटाबेस सर्व्हर याच कॉम्प्युटरवर टाकते, ही फाइल त्यात ओतते, आणि सेटिंगमधला पत्ता बदलते. आधी लिहिलं होतं, तिकडे जा. आता लिहिते, इथेच शोध. घरातल्या घरात.

भागुबाई : किती वेळ?

अंजली : अर्धा-पाऊण तास.

भागुबाई : कर. मी चहा ठेवते. या वेळेला उपाशी नाय सोडायची तुला.

(स्टोव्हचा आवाज. थोड्या वेळानं कपबशा ठेवल्याचा.)

अंजली : जोडला गेला! मावशी, या. आलं पान.

भागुबाई : हे काय? हे तर सगळं सारखंच दिसतंय.

अंजली : प्रश्नचिन्हं आहेत.

भागुबाई : पानभर?

अंजली : सर्व्हर आणि विकी एकमेकांशी बोलतायत, पण लिपी कुठली ते ठरलेलं नाही. मराठी अक्षर आलं की हा गोंधळतो आणि त्याजागी प्रश्नचिन्ह टाकतो. अक्षरं शाबूत आहेत आत.

भागुबाई : पोरगं बी असंच व्हतं. शंभर प्रश्न. वांगं पांढरं का, बाजाराचा वार बदलला कधी, तू हसत का नाय. मी म्हणायची, अरे तुला पगार मिळतो का इचारायचा?

अंजली : आता सांगितलं त्याला लिपी. पुन्हा उघडते. आलं. वाचू? "पांढरी शेवंती. लागवड जूनमध्ये, पहिला पाऊस जिरल्यावर. शेंडा दोनदा खुडावा. खुडताना नख वापरावं, विळी नको. सांगितलं : भागुबाई."

भागुबाई : माझं नाव टाकलंय?

अंजली : प्रत्येक पानाखाली. "गलांडा. राखणीची गरज नाही, ढोरं तोंड लावत नाहीत. सांगितलं : भागुबाई." "बिजली. सांगितलं : भागुबाई. इथे भागुबाईंनी आधी वेगळं सांगितलं होतं, नंतर म्हणाल्या मी तसं बोललेच नाही."

भागुबाई : बोललेच नव्हते. बरं, ते राहू दे. गुरवार काढ.

अंजली : काढते.

भागुबाई : काय झालं? बोट थांबलं तुझं.

अंजली : नाही, शोधतेय. आहे.

भागुबाई : हाय?

अंजली : आहे. गुरुवारचं पान. छोटंसंच आहे.

भागुबाई : वाच.

अंजली : "आज घरात वाद झाला. चूक माझीच होती, नको ते विचारलं. आईवर माझा राग नाही."

भागुबाई : पुन्हा वाच. शेवटचं.

अंजली : "आईवर माझा राग नाही."

भागुबाई : आई, असं लिवलंय?

अंजली : हो.

भागुबाई : बोट ठेव त्याच्यावर. मला बसवरच्या पाट्या वाचता येतात, तेवढा एक शब्द मी वाचीन.

अंजली : मावशी...

भागुबाई : बोट ठेव म्हणते.

अंजली : नाहीये. चुकले मी. गुरुवारचं काहीच नाहीये यात. ही सीडी रविवारची आहे. त्यानंतरचं फक्त त्या डब्यात होतं. तुमचा चेहरा बघून मला...

भागुबाई : रविवारी काढलेल्या सीडीत गुरवार कुठनं यायचा, एवढं तू बटणं दाबत व्हतीस तेव्हाच कळलं मला. तरी म्हणलं, बघू, एखाद्या वेळेस असंल.

अंजली : माफ करा.

भागुबाई : ज्ञानूनं जन्मात मला आई म्हणलं नाय. हे घर तेव्हा अठरा माणसांचं. दिरांची पोरं मला काकू म्हणायची, त्यांचं ऐकून तोबी काकूच म्हणायला लागला. सासू म्हणाली, भागू, पोराला सुधार. नाय सुधारलं मी.

अंजली : का?

भागुबाई : आई म्हणणारी एक येऊन गेली व्हती त्याच्या आधी. तिच्यानंतर दुसऱ्या तोंडातनं तो शब्द नको वाटला मला. ज्ञानूचा काय गुन्हा व्हता त्यात? पण नको वाटला.

अंजली : म्हणून मला काकू नको म्हणालात.

भागुबाई : वर्सभर या घरात कुणी म्हणलं नाय. तू दारातनं आत आलीस आन् त्याच्यावाणीच म्हणलीस, "काकू, आहात का?" मी चुलीपाशी व्हते. हातातली पळी पडली माझ्या.

अंजली : त्या गुरुवारी काय झालं होतं, मावशी?

भागुबाई : इथंच बसला व्हता. म्हणाला, काकू, मला एक मोठी बहीण होती ना? मी मेथी निसत व्हते. म्हणला, तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, एक फोटो नाही, तू सांग, मी लिहितो. मी म्हणलं, फुलांचं इचार. तो म्हणाला, फुलांचं झालं. मी म्हणलं, माझं मेलेलं लेकरू तुझ्या डब्यात घालू नको. तरी थांबला नाय. तेव्हा मी म्हणलं...

अंजली : राहू द्या. नाही सांगितलंत तरी चालेल.

भागुबाई : म्हणलं, जा इथनं एकदाचा. असं म्हणलं मी. "जा एकदाचा." तो पाठ फिरवून अर्धा तास टकाटका करत राहिला, आन् गेला.

अंजली : रागात सगळेच बोलतात तसं.

भागुबाई : सगळ्यांची परत येतात संध्याकाळी. त्या अर्ध्या तासात त्यानं मला शिव्या लिवल्या असत्या तरी चाललं असतं. मी ऐकून घेतल्या असत्या. आन् ते बी माझ्याच हातानं मी मंगळूच्या पदरात घातलं, वर हळदकुंकू लावून. आता कुणाला इचारू?

अंजली : आणि मी वर खोटं वाचून दाखवलं तुम्हाला.

भागुबाई : तू रडू नको. तुझं ते खोटं काय वाईट नव्हतं. "आईवर माझा राग नाही." कानाला बरं वाटलं घडीभर. किती वाजले?

अंजली : सव्वा.

भागुबाई : रविवारचं दाखव मंग. शेवटलं काय लिवलं व्हतं?

अंजली : रविवारी रात्री दहाला एक नवीन पान केलंय. "घरातली माणसं." नुसती नावांची यादी आहे. आजोबा, आजी, वडील, मग तुम्ही, मग आत्या. ही सगळी नावं निळी दिसतात ना, म्हणजे त्यांच्यावर दाबलं की त्यांचं पान उघडतं.

भागुबाई : ते एक लाल का?

अंजली : ते... लाल म्हणजे नाव लिहिलंय, पण त्या नावाचं पान अजून नाही. पुढे लिहायचं म्हणून ठेवलेलं असतं.

भागुबाई : सरक जरा. अ... क... नाय, जोडलेला हाय. क्का. अक्का.

अंजली : हो.

भागुबाई : रविवारीच लिवलं व्हतं. चार दिवस पोटात ठेवून गुरवारी इचारलं त्यानं मला. चार दिवस धीर गोळा करत व्हता.

अंजली : हो.

भागुबाई : एवढी का भीती वाटायची त्याला माझी?

अंजली : क्लासमध्ये म्हणायचा, आमच्या घरी एकच सर्व्हर आहे, तो भिंतीजवळ मेथी निवडत बसतो. विचारलं की लगेच उत्तर येतं, पण आधी शिवी येते.

भागुबाई : असं म्हणायचा?

अंजली : हसून म्हणायचा. अभिमानानं.

भागुबाई : दाब ते लाल.

अंजली : "या नावाचं पान अजून लिहिलेलं नाही. लिहायचं असल्यास इथे सुरुवात करा." खाली मोकळी चौकट आहे.

भागुबाई : दसऱ्याचा आदला दिवस व्हता. अंगात ताप तिच्या. मी सासूजवळ निजवली आन् झेंडूच्या पाट्या घेऊन बाजारात गेले, कारण त्या एका दिवसावर वर्स काढायचं असायचं. ती म्हणली, आई, नको जाऊ. मी म्हणलं, आलेच. सहा वर्सांची. संपली तोवर.

अंजली : हे लिहू?

भागुबाई : नाय. हे नको. हे माझं हाय, मी घेऊन जाईन. तिचं लिही. वर नाव घाल. खाली ते घाल, सगळीकडं घालतो तसं, सांगणारीचं.

अंजली : अक्का. सांगितलं : भागुबाई. घातलं.

भागुबाई : ते खोड. तिच्या आईनं सांगितलं, असं लिही.

अंजली : "सांगितलं : तिच्या आईनं." लिहिलं. आता मजकूर?

भागुबाई : लाईट जाईल का मधेच?

अंजली : पाऊण तास आहे अजून. आणि प्रत्येक ओळीला जतन करते मी. या वेळी दोन सीडी काढीन, एक माझ्याकडे ठेवीन.

भागुबाई : मंग लिही. तिला शेवंती आवडायची नाय. वास उग्र लागायचा तिला. नाक मुरडायची आन् पाटीत उताणी झोपायची, गलांड्याच्या फुलांवर.